ढगांचा अंदाज आणि नियमांची चौकट

३ एप्रिल २०१० ची दुपार. मलेशियातील सेपांग सर्किटवर फॉर्म्युला वनच्या पात्रता सत्राचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा पाऊस पडत होता, पण ट्रॅक अजून गाडी चालवण्याजोगा होता. बहुतेक संघांनी आपल्या गाड्या लगोलग बाहेर काढल्या. फेरारी आणि मॅक्लारेन या दोन बलाढ्य संघांनी मात्र हवामानाच्या रडारवर भरवसा ठेवला. सर ओसरणार आहे, ट्रॅक थोडा निवळला की वेळ आपोआप सुधारेल, मग आत्ताच घाई कशाला, असा त्यांचा हिशेब होता. सर ओसरली नाही, उलट वाढली. वीस मिनिटे संपली तेव्हा फर्नांडो अलोन्सो एकोणिसावा, लुईस हॅमिल्टन विसावा आणि फेलिप मासा एकविसावा होता. तिघेही पहिल्याच टप्प्यात बाद. मॅक्लारेनचा दुसरा चालक जेन्सन बटन कसाबसा पुढच्या टप्प्यात गेला खरा. पण तोवर त्याची गाडी ट्रॅकबाहेरच्या वाळूत रुतून बसली होती, त्यामुळे त्याला सतरावे स्थान मिळाले.

त्या मोसमातील पहिल्या दोन्ही शर्यती याच दोन संघांनी जिंकल्या होत्या. त्यातली दुसरी, आठवडाभरापूर्वीची मेलबर्नची शर्यत बटनने जिंकली होती तीही ओल्या ट्रॅकवर सर्वांच्या आधी कोरडे टायर चढवण्याचे धाडस करून. म्हणजे पाऊस वाचण्याचे कौशल्य या मंडळींकडे नव्हते असे नाही. तरीही सेपांगच्या ग्रिडवर मासाच्या शेजारी उभा होता नवख्या हिस्पानिया संघाचा करुण चंधोक, आणि फोर्स इंडियाच्या दोन्ही गाड्या पहिल्या दहांत होत्या. आड्रियान सुटिल तर चौथ्या स्थानावर. दुसऱ्या दिवशी कोरड्या ट्रॅकवर झालेल्या शर्यतीत सुटिलने पाचवा क्रमांक राखला तो मागून चालून आलेल्या हॅमिल्टनला रोखून धरत. अलोन्सोच्या गाडीचे इंजिन शर्यत संपता संपता निकामी झाले. मोसमाअखेर अलोन्सोचे जगज्जेतेपद अवघ्या चार गुणांनी हुकले. त्याचे खापर आजही अबुधाबीतील अखेरच्या शर्यतीतल्या चुकलेल्या पिट स्टॉपवर फोडले जाते. सेपांगचा तो शनिवार त्या मानाने विस्मरणात गेला.

मोटार शर्यतीकडे लांबून पाहणाऱ्याला ती गाडीच्या वेगाची आणि चालकाच्या धाडसाची स्पर्धा वाटते. तशी ती आहेच. पण ग्रिडवरचा क्रम ज्या नियमांनी ठरतो ते नियम आणि आभाळातून पडणारे पाणी या दोहोंची गाठ पडली, की स्पर्धेचे स्वरूप पालटते. वेगवान गाडी हा तेव्हा अनेक गुणांपैकी एक गुण उरतो.

पात्रता सत्राची सध्याची तीन टप्प्यांची पद्धत २००६ मध्ये आली. प्रत्येक टप्प्यात सर्वांत मंद असणारे ठरावीक चालक बाद होतात. गाड्या वीस असल्या तर पाच-पाच, बावीस असल्या तर सहा-सहा; अखेरच्या टप्प्यात दहा जण उरतात आणि ते पोल पोझिशनसाठी झुंजतात. सेपांगच्या त्या मोसमात गाड्या चोवीस होत्या, म्हणून सात-सात जण बाद होत. कोरड्या दिवशी या पद्धतीत एक अलिखित शहाणपण असते. गाड्या जसजशा फिरतात तसतसे टायरचे रबर ट्रॅकवर बसत जाते, पकड वाढते आणि टप्प्याच्या अखेरच्या मिनिटांत नोंदवलेली वेळ सर्वांत चांगली ठरते. म्हणून सारे जण शेवटच्या क्षणाची वाट पाहतात. पावसात हे शहाणपण निरुपयोगी होते, किंबहुना घातक ठरते. ट्रॅक सुधारतो आहे की बिघडतो आहे, हेच ठाऊक नसते. शिवाय कुणीतरी घसरून भिंतीवर आदळला की लाल बावटा दाखवून सत्र थांबवले जाते आणि अर्धवट राहिलेली लॅप वाया जाते. त्यामुळे अनुभवी संघ पावसात आधी एक सुरक्षित वेळ पदरात पाडून घेतात आणि मगच पुढचा विचार करतात. फेरारी आणि मॅक्लारेन सेपांगला नेमके हेच विसरले.

याची दुसरी बाजू ११ नोव्हेंबर २०२२ रोजी साओ पावलोच्या इंटरलागोस सर्किटवर दिसली. तिथे ढग भरून आले होते; अखेरच्या टप्प्यात पाऊस कोणत्याही क्षणी सुरू होणार, हे दिसत होते. हास या छोट्या संघाने केव्हिन मॅग्नुसनची गाडी पिटच्या तोंडाशी सर्वांत पुढे नेऊन उभी केली. हिरवा दिवा लागताच तो कोरड्या टायरवर निघाला, ट्रॅक कोरडा असताना त्याने एक स्वच्छ लॅप पूर्ण केली आणि काही क्षणांत जॉर्ज रसेलची मर्सिडीज ट्रॅकबाहेर जाऊन लाल बावटा लागला. तेवढ्यात पाऊस आला. उरलेल्या मिनिटांत वेळ सुधारणे कुणालाच शक्य नव्हते. हासच्या इतिहासातील पहिली पोल पोझिशन अशी मिळाली. पुढे मोठे यश आले नाही. दुसऱ्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत मॅग्नुसन आठवा आला आणि रविवारी पहिल्याच लॅपमध्ये टक्कर होऊन बाद झाला. गाडीचा खरा वेग कोरड्या ट्रॅकवर उघडा पडतोच. पण त्या शुक्रवारी पिटच्या तोंडाशी आधी पोहोचण्याचा निर्णय घेणारा माणूस त्या संघातला सर्वांत मोलाचा माणूस होता.

पात्रतेचे नियम नेहमी असेच नव्हते. १९९६ ते २००२ या काळात शनिवारी एका तासाचे सत्र असे आणि प्रत्येकाला बारा लॅप मिळत. तेव्हा पाऊस आला तरी एका तासात चूक दुरुस्त करायला वाव असे. २००३ मध्ये एकेका चालकाने एकट्याने ट्रॅकवर जाऊन एकच मोजलेली लॅप पूर्ण करावी, असा नियम आला. या पद्धतीत पावसाची सर अन्यायाचे साधन बनू शकत असे. कुणाच्या वाट्याला कोरडा ट्रॅक, तर दहा मिनिटांनी येणाऱ्याच्या वाट्याला तळे. त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाचा बदल झाला: शनिवारी पात्रतेसाठी गाडीत जेवढे इंधन असेल तेवढ्यावरच रविवारी शर्यत सुरू करायची. त्यामुळे कमी इंधन, हलकी गाडी आणि पुढची जागा, की जास्त इंधन, जड गाडी आणि उशिरा पिट स्टॉप, हा निर्णय शनिवारीच घ्यावा लागे. २००६ नंतर हे बंधन केवळ अखेरच्या टप्प्यातील दहा जणांना उरले आणि २०१० मध्ये शर्यतीदरम्यान इंधन भरण्यावरच बंदी आल्याने ते संपले. पण २००३ च्या नियमांतला एक भाग मात्र टिकला, आणि पावसाच्या दृष्टीने तोच सर्वांत जाचक आहे.

त्याला पार्क फेर्मे म्हणतात. फ्रेंच शब्द, अर्थ बंदिस्त वाहनतळ. पात्रता सत्रासाठी गाडी बाहेर पडली, की तिची मूळ जुळणी शर्यत सुरू होईपर्यंत बदलता येत नाही. पुढच्या पंखाचा कोन आणि आणखी काही किरकोळ गोष्टी सोडल्या, तर सारे गोठलेले. एखाद्या संघाने तरीही बदल केलाच, तर त्याच्या चालकाला ग्रिडवरची जागा सोडून पिट लेनमधून, सर्वांच्या मागून सुरुवात करावी लागते. कोरड्या आणि ओल्या ट्रॅकसाठी लागणारी गाडी एकच नसते. पाण्यात गाडी जमिनीपासून थोडी उंच हवी, सस्पेन्शन मऊ हवे, पंख अधिक कलते हवेत, म्हणजे हवेचा दाब गाडीला खाली रेटतो आणि चाकांना पकड मिळते. कोरड्या ट्रॅकवर हेच कलते पंख सरळ रस्त्यावर वेग खातात. तेव्हा शनिवारी पाऊस आणि रविवारी ऊन, किंवा याच्या उलट, असा अंदाज असला तर संघाला दोहोंपैकी एका दिवसावर पाणी सोडावे लागते. शनिवारी तिसरे येण्यात समाधान मानणारा संघ कित्येकदा रविवारसाठी गाडी राखून ठेवत असतो, हे प्रेक्षकाच्या चटकन लक्षात येत नाही.

दोन्ही दिवशी पाऊस पडला तर काय घडू शकते, याचे आजवरचे सर्वांत सुंदर उदाहरण मॉन्झाचे आहे. सप्टेंबर २००८. इटलीतील फाएन्झा या गावी राहणारा टोरो रोसो हा संघ म्हणजे पूर्वाश्रमीचा मिनार्डी. ग्रिडच्या शेपटाकडे रेंगाळण्यातच ज्याची हयात गेली असा. शनिवारच्या पावसात या संघाच्या सेबॅस्टियन व्हेटेलने पोल पोझिशन मिळवली. किमी रायकोनेन चौदावा आणि हॅमिल्टन पंधरावा. दुसऱ्या टप्प्यात हॅमिल्टनने आधी कमी खाचांचे टायर लावून पाहिले आणि ते चुकल्याचे कळेपर्यंत पाऊस वाढला होता. रविवारी पाऊस चालूच असल्याने शर्यत सेफ्टी कारच्या मागे सुरू झाली. अशा वेळी सर्वांत पुढे असण्याचा लाभ केवळ जागेचा नसतो, तो दृष्टीचा असतो. प्रत्येक गाडीच्या चाकांमागून तुषारांचा पांढरा पडदा उठतो. दुसऱ्या क्रमांकापासून मागे सारेच अर्धे आंधळे. पुढे फक्त रिकामा रस्ता दिसणारा एकच माणूस असतो. व्हेटेलने त्या स्वच्छ दृष्टीचा पुरेपूर वापर करत साडेबारा सेकंदांच्या फरकाने शर्यत जिंकली. त्याचे वय तेव्हा २१ वर्षे होते.

आता टायरकडे वळले पाहिजे, कारण पावसातील सारी रणनीती अखेर तिथेच येऊन थांबते. कोरड्या ट्रॅकचे टायर गुळगुळीत असतात. ओल्यासाठी दोन प्रकार: हिरव्या पट्ट्याचे इंटरमीजिएट आणि निळ्या पट्ट्याचे पूर्ण पावसाळी. पिरेली कंपनीच्या आकड्यांनुसार ताशी ३०० किलोमीटर वेगाला एक पावसाळी टायर दर सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, इंटरमीजिएट सुमारे ३० लिटर. रिमझिम, भुरभुर, सर, मुसळधार, झड असे शब्द ज्या भाषेत आहेत त्या भाषेच्या वाचकाला दोनच प्रकारांत सारा पाऊस बसवणे थोडे विनोदी वाटेल. पिटच्या भिंतीवर बसलेल्या अभियंत्यालाही तसेच वाटत असावे. २००३ मध्ये तर पावसाचा एकच प्रकारचा टायर आणण्याची मुभा होती. त्या वर्षी इंटरलागोसला धो धो पाऊस कोसळला, तिसऱ्या वळणावर ओहोळ वाहू लागला आणि मायकेल शूमाकरसह एकामागून एक गाड्या तिथे घसरून बाद झाल्या. लाल बावट्याने शर्यत थांबली तेव्हा विजेता कोण यावरही घोळ झाला. करंडक रायकोनेनच्या हाती गेला आणि काही दिवसांनी जॉर्डन संघाचा जियानकार्लो फिसिकेला हाच विजेता असल्याचे जाहीर झाले.

कोरड्या शर्यतीत किमान दोन वेगवेगळ्या प्रतीचे टायर वापरण्याचे बंधन २००७ पासून आहे. म्हणजे प्रत्येकाला एकदा तरी पिटमध्ये यावेच लागते. पावसाळी किंवा इंटरमीजिएट टायर एकदा वापरला, की हे बंधन गळून पडते. त्याचप्रमाणे २०१० ते २०२१ या काळात पहिल्या दहा चालकांना पात्रता सत्रात वापरलेल्या टायरवरच शर्यत सुरू करावी लागे, पण सत्र ओले असेल तर तेही बंधन नसे. थोडक्यात, कोरड्या दिवशी नियमपुस्तक जे निर्णय संघावर लादते ते पावसाळी दिवशी संघाच्या ओंजळीत परत येतात. मोकळीक मिळते, पण मार्गदर्शक खांबही नाहीसे होतात. २०२० च्या तुर्की ग्रां प्रीत हॅमिल्टनने इंटरमीजिएट टायरचा एकच जोड सुमारे पन्नास लॅप चालवला. सुकत्या ट्रॅकवर त्याच्या खाचा झिजून टायर जवळजवळ गुळगुळीत झाले आणि नेमके तेच त्या ट्रॅकला मानवले. सहाव्या स्थानावरून सुरुवात करून त्याने शर्यतही जिंकली आणि सातवे जगज्जेतेपदही. पोलवर असलेला लान्स स्ट्रोल नववा आला.

टायर बदलण्यासाठी पिटमध्ये जाण्याची किंमत साधारण वीस ते पंचवीस सेकंद असते. ओल्या ट्रॅकवर चुकीच्या टायरने एका लॅपमध्येच तेवढे नुकसान होऊ शकते. या दोन रेघा एकमेकींना जिथे छेदतात तो क्षण नेमका पकडणे म्हणजे पावसातील रणनीती. हा क्षण सर्वांत पुढे असलेल्याला सर्वांत कठीण असतो. मागच्याला गमावण्यासारखे थोडे असते, म्हणून तो जुगार खेळू शकतो. पुढच्याने पिटमध्ये जावे आणि पाऊस थांबावा, किंवा न जावे आणि पाऊस वाढावा, दोन्हीकडून नुकसान त्याचेच.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी रशियातील सोची येथे लँडो नॉरिस या एकवीस वर्षांच्या चालकावर हीच वेळ आली. त्या आठवड्यात पावसाने दोनदा हात दाखवला. शनिवारी अखेरच्या टप्प्यात ट्रॅक सुकू लागला तेव्हा हॅमिल्टन कोरडे टायर घेण्यासाठी घाईने पिटकडे वळला आणि पिटच्या भिंतीलाच धडकला. गाडीचा पुढचा पंख बदलण्यात वेळ गेला, टायर तापायला अवधी उरला नाही आणि तो चौथा राहिला. नॉरिसने कारकिर्दीतील पहिली पोल पोझिशन मिळवली. रविवारी ५३ लॅपच्या शर्यतीत अखेरच्या सहा-सात लॅप उरल्या असताना तो पुढे होता आणि हॅमिल्टन त्याच्या मागे. तेवढ्यात सर आली, पण साऱ्या ट्रॅकवर नाही. काही वळणे ओली, काही कोरडी.

मर्सिडीजने हॅमिल्टनला पिटमध्ये बोलावले. पहिल्या वेळी तो आत आला नाही. पुढच्या लॅपला, ४९ व्या, तो आला. त्याच्या हातात हवामानाचे चित्र नव्हते, ते संघाकडे होते आणि त्याने आपल्या डोळ्यांपेक्षा संघाच्या पडद्यावर विश्वास ठेवला. नॉरिसला विचारले गेले तेव्हा त्याने बाहेरच राहण्याचे ठरवले, आणि मॅक्लारेनने ते मान्य केले. चालकाला त्या क्षणी पायाखालचा रस्ता कळत असतो, पाच मिनिटांनंतरचा नाही. दोनच लॅपमध्ये पाऊस वाढला, नॉरिसची गाडी बर्फावर असल्यासारखी ट्रॅकबाहेर घसरत गेली आणि हॅमिल्टन शांतपणे पुढे निघून गेला. तो त्याचा शंभरावा विजय. इंजिन बदलल्याच्या दंडामुळे सर्वांत मागून निघालेला मॅक्स व्हर्स्टॅपन हॅमिल्टनच्याही एक लॅप आधी इंटरमीजिएट टायर चढवून सातव्या स्थानावरून थेट दुसऱ्यावर पोहोचला. नॉरिस सातवा. त्याला पहिल्या विजयासाठी मे २०२४ मधील मायामीच्या शर्यतीपर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी चूक नॉरिसची की संघाची, यावर आजही वाद होतो. अशा वेळी चालकाला प्रश्न न विचारता आदेश द्यावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे निर्णय.

पावसातील रणनीतीला आणखी एक पैलू आहे आणि तो गेल्या दशकात फार महत्त्वाचा झाला आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे भर पावसात ज्यूल्स बियांकीची गाडी घसरून, आधीच अपघात झालेली दुसरी गाडी उचलण्यासाठी ट्रॅकच्या कडेला आलेल्या यंत्रावर आदळली. नऊ महिन्यांनी, १७ जुलै २०१५ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर सर्व गाड्यांना एकाच वेळी वेग कमी करायला लावणारी आभासी सेफ्टी कार आली आणि पावसात शर्यत थांबवण्याबाबत अधिकारी अधिक सावध झाले. ते योग्यच झाले. पण त्याचा परिणाम रणनीतीवर झाल्यावाचून राहिला नाही. पूर्वी पाऊस वाढला की पूर्ण पावसाळी टायर लावून पुढे जायचे. आता पाऊस तेवढा वाढला तर समोरचे दिसत नाही म्हणून शर्यतच थांबते. निळ्या पट्ट्याचे टायर त्यामुळे बहुतेकदा पिटमध्येच पडून राहतात. आणि शर्यत लाल बावट्याने थांबली, की नियमानुसार उभ्या गाडीचे टायर फुकटात बदलता येतात.

या एका कलमाने ३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल ठरला. स्थळ पुन्हा इंटरलागोस. शनिवारी पावसामुळे पात्रता सत्र होऊच शकले नाही. ते रविवारी सकाळी साडेसात वाजता घेण्यात आले आणि शर्यत त्याच दुपारी. सकाळच्या सत्रात पाच वेळा लाल बावटा लागला. दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस स्ट्रोल भिंतीवर आदळला, सत्र पुन्हा सुरू झाले नाही आणि शेवटच्या प्रयत्नात असलेला व्हर्स्टॅपन बाराव्या स्थानावर अडकला. इंजिनच्या पाच स्थानांच्या दंडामुळे तो सतराव्या जागेवरून निघाला. जगज्जेतेपदाच्या लढतीतला त्याचा प्रतिस्पर्धी नॉरिस पोलवर होता. एवढ्यावरच थांबले असते, तर त्या मोसमाची कथा वेगळी झाली असती.

शर्यतीच्या मध्यावर पाऊस वाढला. आभासी सेफ्टी कार असताना रसेल आणि नॉरिस या आघाडीच्या दोघांनी नवे इंटरमीजिएट टायर घेतले. मंद गतीच्या काळात पिट स्टॉप स्वस्त पडतो, तेव्हा निर्णय वरकरणी शहाणपणाचा होता. अल्पिन संघाचे एस्तेबान ओकॉन आणि पिएर गॅस्ली, आणि त्यांच्यामध्ये व्हर्स्टॅपन, हे तिघे जुन्या टायरवर बाहेरच राहिले. त्यांचा हिशेब वेगळा होता: पाऊस इतका वाढेल की कुणीतरी आदळेल आणि शर्यत थांबेल. तसेच झाले. सेफ्टी कारच्या मागे चालत असतानाच फ्रॅन्को कोलापिंटोची गाडी आदळली, लाल बावटा लागला आणि त्या तिघांना पिट स्टॉपचा एकही सेकंद न गमावता नवे टायर मिळाले. पुढे ४३ व्या लॅपला व्हर्स्टॅपनने ओकॉनला मागे टाकले आणि तो एकोणीस सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. ओकॉन दुसरा, गॅस्ली तिसरा, नॉरिस सहावा. एका दुपारी ३३ गुण मिळवून अल्पिन संघ संघांच्या क्रमवारीत नवव्यावरून सहाव्या स्थानावर गेला. त्यामागे बक्षिसाच्या रकमेचा मोठा फरक असतो. लाल बावट्यात टायर बदलू देण्याच्या या सवलतीवर काही चालकांनी पूर्वीपासूनच नाराजी दाखवली आहे. तिच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे: अपघातानंतर ट्रॅकवर तुकडे विखुरलेले असतात आणि फाटक्या टायरवर कुणाला पुन्हा धावायला लावणे धोक्याचे. सुरक्षेसाठी केलेला नियम आणि त्यातून मिळणारा अनाठायी लाभ, यांना वेगळे करणे अद्याप कुणाला जमलेले नाही.

पात्रता सत्र आणि पाऊस यांचे नाते टोकाला गेले ते मात्र बेल्जियममध्ये, स्पा सर्किटवर. २८ ऑगस्ट २०२१ च्या ओल्या शनिवारी विल्यम्ससारख्या दुबळ्या गाडीतून रसेलने दुसरे स्थान मिळवले. पोलवर व्हर्स्टॅपन, तिसरा हॅमिल्टन. रविवारी पाऊस थांबेना. प्रेक्षक चिखलात तासन् तास उभे राहिले. तीन तासांहून अधिक प्रतीक्षेनंतर गाड्या सेफ्टी कारच्या मागे मोजक्या लॅप फिरल्या, पुन्हा थांबवण्यात आल्या आणि निकाल जाहीर झाला. अधिकृत निकालात एकच लॅप धरली गेली. कुणी कुणाला ओलांडले नाही, ओलांडण्याची परवानगीच नव्हती. म्हणजे शनिवारचा क्रम हाच रविवारचा निकाल, आणि त्यावर निम्मे गुण: व्हर्स्टॅपनला १२.५, रसेलला ९, हॅमिल्टनला ७.५. शर्यतीचा एकही खरा लॅप न धावता रसेल कारकिर्दीत प्रथमच विजेत्यांच्या मंचावर उभा राहिला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद व्हर्स्टॅपनने ३९५.५ विरुद्ध ३८७.५ अशा आठ गुणांनी जिंकले. स्पाचे गुण वजा केले तर फरक तीनवर येतो. अबुधाबीतील वादग्रस्त अखेरच्या लॅपविषयी इतके लिहिले गेले, त्या मानाने या पाच गुणांविषयी फारच थोडे.

या प्रकारानंतर २०२२ साठी नियम बदलण्यात आला. सेफ्टी कारविना किमान दोन लॅप झाल्याखेरीज गुण नाहीत, आणि शर्यत किती टक्के पूर्ण झाली त्यानुसार गुणांच्या पायऱ्या ठरल्या. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला सुझुकाला पुन्हा पाऊस कोसळला. दोन लॅपनंतर शर्यत थांबली, बराच वेळ गेला, मग पुन्हा सुरू झाली आणि वेळमर्यादा संपल्याने ५३ पैकी २८ लॅपवर संपली. नव्या पायऱ्यांनुसार विजेत्याला १९ गुण मिळायला हवेत, असे जवळजवळ सर्वांनीच गृहीत धरले होते. पण नियमाची शब्दरचना अशी होती की कमी गुणांची तरतूद शर्यत थांबून पुन्हा सुरूच झाली नाही तर लागू व्हावी. ही तर सुरू होऊन झेंड्यापर्यंत पोहोचली होती. तेव्हा पूर्ण २५ गुण. त्यात शार्ल लक्लेरला पाच सेकंदांचा दंड होऊन तो तिसरा गेला आणि व्हर्स्टॅपन जगज्जेता ठरला. गाडीतून उतरून मुलाखत देत असताना त्याला ही बातमी कळली आणि ती खरी आहे का, हे त्याला पुन्हा विचारून घ्यावे लागले. २०२३ च्या नियमपुस्तकात ते कलम दुरुस्त करण्यात आले.